आमची वाटचाल : खाऱ्या पाण्यातला पहिला मासा

ठाण्यात 2011 मध्ये आम्ही दोघा भावांनी हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा गोड्या पाण्यातल्या माशांच्या टाक्या बसवून देणे आणि दवाखाने, कार्यालये, हॉटेले यांच्याकडच्या टाक्यांची महिनेवारी देखभाल करणे एवढेच आमचे काम होते. खाऱ्या पाण्याकडे आम्हाला ग्राहकांनीच ओढले. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 2015 मध्ये नव्या रूपात खुले झाल्यावर तर ‘मरीन टँक लावून द्या, आणि त्यात नेमो हवाच’ (म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी आणि तिच्यात चित्रपटातला तो केशरी-पांढरा क्लाउनफिश) अशी मागणी दर आठवड्याला येऊ लागली. टाकी उभी करणे आम्हाला अवघड नव्हते. तिच्यात पहिला मासा कोणता सोडायचा आणि कधी, यावर मात्र आम्हा भावांत पुष्कळ वाद झाले.

बाजारातला रिवाज असा की, टाकी, मीठ, वाळू आणि दगड यांच्याबरोबर त्याच दिवशी दोन-चार डॅमसेल जातीचे मासे पिशवीत बांधून द्यायचे. माशामुळे आणि उरलेल्या खाद्यामुळे पाण्यात अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर आणि वाळूत पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत ते पाणी माशाला विषासारखे असते. डॅमसेल चिवट आणि स्वस्त म्हणून त्याला पुढे करायचे. जगला तर टाकी तयार झाली, मेला तर फार नुकसान नाही, हा हिशेब आम्हाला पटत नव्हता. शिवाय जो जगतो, तो पुढे टाकीचा मालक होऊन बसतो. एका दंतवैद्यांच्या दवाखान्यात दुसऱ्या कोणी बसवलेली टाकी आमच्याकडे देखभालीला आली, तेव्हा तिच्यातला काळा डोमिनो डॅमसेल नव्या प्रत्येक माशाच्या शेपटीचे लचके तोडत होता. त्याला पकडण्यासाठी सगळे दगड एकेक करून बादल्यांत काढावे लागले, पाणी निम्म्यावर आणावे लागले, आणि तपासणीसाठी थांबलेली मंडळी दाढदुखी विसरून आमची जाळी कुठे जाते ते पाहत राहिली.

त्यानंतर आम्ही दुकानाचा नियम ठरवला : टाकीच्या दिवशी मासा विकायचा नाही. आरओचे पाणी घेऊन लिटरला सुमारे 35 ग्रॅम मीठ विरघळवायचे, सापेक्ष घनता 1.025 आणि तापमान 25 ते 26 अंश ठेवायचे, आणि माशाऐवजी अमोनिया देणाऱ्या अमोनियम क्लोराइडचा मोजका डोस देऊन जिवाणूंना खाद्य पुरवायचे. दिलेला डोस चोवीस तासांत संपून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की, बरेचसे पाणी बदलून मगच मासा. ‘अहो, रिकामी टाकी बघत बसायचं का महिनाभर?’ हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकले, आणि काही जण त्याच पावली दुसऱ्या दुकानात गेलेही. सुरुवातीला भाड्याची चिंता होतीच. पण जे थांबले त्यांनी देखभालीचे काम आमच्याकडे ठेवले, आणि धंदा त्या कामावरच उभा राहिला.

पहिला मासा म्हणून आम्ही बंदिस्त पैदाशीची क्लाउनफिशची जोडी देतो. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या अनेक जातींच्या पैदाशीचे तंत्र आपल्याकडे विकसित केले आहे, आणि आमच्या शेजारच्या ऐरोलीतही मँग्रोव्ह फाउंडेशनने शोभिवंत सागरी माशांचे पैदास केंद्र उभारले आहे. टाकीत जन्मलेला मासा ग्राहकाकडे आल्याच्या पहिल्या दिवसापासून कोरडे खाद्य खातो. उलट परदेशातून येणाऱ्या, समुद्रातून पकडलेल्या माशांत काही सायनाइड वापरून धरलेले असतात. ते दिसतात टवटवीत आणि पुढच्या काही आठवड्यांत कारण न कळता मरतात. ‘नर-मादी बघून द्या’ असा आग्रह असतो, पण क्लाउनफिश जन्मतः नरच असतात आणि जोडीतला मोठा, वरचढ मासा पुढे मादी होतो. म्हणून एक लहान आणि एक किंचित मोठे पिल्लू दिले की जोडी आपोआप जमते. समुद्रात ते ज्याच्या आसऱ्याने राहतात ते समुद्रफूल (अ‍ॅनिमोनी) टाकीत नसले तरी त्यांचे काही अडत नाही, आणि नव्या टाकीत ते ठेवूही नये.

विक्रीपूर्वी ग्राहकासमोर खाद्य टाकण्याची पद्धत माझ्या धाकट्या भावाने घालून दिली. मासा खाद्यावर झेपावतो का, कल्ल्यांची उघडझाप घाईची आहे का, पोट आत गेले आहे का, पंखांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आहेत का, हे तो ग्राहकालाच पाहायला लावतो. खात नसलेला मासा कितीही सुंदर असला तरी आम्ही त्या दिवशी देत नाही.

निळा टँग मासा लहान टाकीला आणि मँडरिन मासा कोणत्याही नव्या टाकीला आम्ही देत नाही. मँडरिनचे पोट दगडांवर वाढणाऱ्या बारीक जिवांवर चालते आणि नव्या दगडांवर ते नसतातच. किनाऱ्यावरून प्रवाळ किंवा समुद्रघोडा ‘मिळवून द्या’ म्हणणाऱ्यांना तर सरळ नकार असतो, कारण दोन्हींना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. अलिबागहून कॅनमध्ये समुद्राचे पाणी आणून टाकीत भर घालण्याचा बेतही आम्ही मोडून काढतो. एप्रिल-मेमध्ये पाणी भराभर उडते, मीठ मात्र टाकीतच राहते. अशा वेळी वरून खारे पाणी नव्हे, गोडे आरओचे पाणी घालायचे, एवढे प्रत्येक नव्या ग्राहकाला फोन करून सांगण्याचे काम आता आमच्या वहिनी पाहतात.

जोडी रुळली की दोन-तीन आठवड्यांनी गोबी किंवा पैदाशीचा बांग्गाई कार्डिनल असा एखादा लहान मासा द्यायचा, एका वेळी एकच, म्हणजे वाढलेला अमोनिया जिवाणूंना पेलतो. निळ्या डॅमसेलची मागणी अजूनही येते, कारण तो निळा रंग खरोखरच दुसऱ्या माशात सहसा सापडत नाही. तो आम्ही देतोही, पण टाकी मोठी असेल आणि बाकीचे सगळे मासे आधी येऊन बसले असतील तरच.