खाद्य तपासायला बसलो आणि निघालं भलतंच

आहाराचा प्रयोग म्हटला की आमच्या लॅबमधे एक पिंजरा एक उंदीर हेच ठरलेलं, कारण उरलेलं खाद्य तोललं की कोणी किती खाल्लं ते कळतं, तिघं एकत्र असले की कुणी किती हाणलं काय पत्ता. यावेळी मॅडमनी हट्टाने निम्मे एकेकटे आणि निम्मे तिघंतिघं ठेवायला लावले. खाद्य दोन प्रकारचं, एकात सोयाबीन तेल आणि दुसऱ्यात सूर्यफुलाचं, ज्यात ओमेगा-३ जवळपास नसतंच. तेही आई गाभण असल्यापासून, कारण पिल्लांच्या मेंदूत डीएचए, म्हणजे मेंदूला लागणारं एक ओमेगा-३, भराभर साठतं ते पोटात असताना आणि दूध पीत असतानाच. २१ व्या दिवशी पिल्लं आईपासून तोडली आणि आपापल्या पिंजऱ्यात. एकट्यांना शेजारच्यांचा वास येतो, आवाजही येतो, पण अंगावर अंग टाकून झोपणं नाही की कुस्ती नाही, आणि नेमकं तेच त्यांचं मस्ती करायचं वय.

मग टेस्टचा दिवस. प्लस मेझ म्हणजे जमिनीपासून ५० सेंटीमीटर उंच अधिकचं चिन्ह, दोन हातांना भिंती, दोन उघडे, उंदीर मधोमध सोडायचा आणि ५ मिनिटं बघायचं. उघड्यावर जास्त वेळ काढला म्हणजे भीती कमी, डायझेपाम हे भीती कमी करणारं औषध दिलेला उंदीर असाच बिनधास्त भटकतो. कोण कुठल्या गटातला ते मला माहीत नव्हतं, समोर फक्त नंबर. काही जण सरळ उघड्या टोकापर्यंत जाऊन खाली डोकावत होते. आणि काही, अरे देवा, मागचे पाय आतच रोवलेले, अंग रबरासारखं ताणून नाक तेवढं बाहेर, जरा थांबायचं की परत आत, पुन्हा तेच. ते बघवत नाही हो.

संध्याकाळी कोड उघडला. मला वाटलेलं तेलावरून दोन तट पडतील, तर चांगलं खाद्य खाणारे पण एकटे राहिलेले आतच बसलेले, आणि सूर्यफूलवाले तिघंतिघं मस्त बाहेर! तेलाचा फरक होता, नाही असं नाही, पण तो मुख्यतः एकट्यांमधेच दिसत होता, सूर्यफूल आणि वर एकटेपणा म्हणजे सगळ्यात वाईट हाल. एकजण म्हणाला की एकटे आळशी झाले असतील, म्हणून बंद हातांमधल्या फेऱ्या मोजल्या, तर उलट तेच जास्त पळत होते. म्हणजे पाय चालत होते, फक्त उघड्यावर यायची छाती होत नव्हती.

आता माझं म्हणणं असं की एकट्या पिंजऱ्यातले आहाराचे जुने निकाल डोळे झाकून घ्यायचे नाहीत, आपण जे खाद्याच्या नावावर खपवतोय त्यात एकटेपणा किती मिसळलाय देव जाणे. सर म्हणतात मान्य, पण तिघांत जो दादा असतो तो आधी खातो, मग खाद्याचा आकडा अख्ख्या पिंजऱ्याचाच मिळणार, तीन उंदरांचा मिळून एकच, आणि तेवढ्याच ताकदीचा निकाल हवा तर प्राणी तिप्पट लागणार. एथिक्स कमिटीपुढे ती मागणी घेऊन कोण जाणार यावरून घोळ अजून चालू आहे, बहुतेक मलाच पाठवतील.