तुम्ही विचारलंत म्हणून: जुना पियानो घ्यावा का?

मला सारखा एकच मेसेज येतो, माणसं फक्त वेगळी. "ताई, वांद्र्याला एक घर रिकामं होतंय, जुना इंग्लिश पियानो जवळजवळ फुकट देतायत, मुलीला शिकायचंय, घेऊ का?" सोबत फोटो, त्यात चकचकीत पॉलिश आणि पितळी मेणबत्तीदाण्या. वरचं झाकण उघडून आतल्या ट्युनिंग पिनांचा फोटो मात्र कुणी म्हणजे कुणीच पाठवत नाही, आणि खरं उत्तर तिथेच असतं.

पियानोत पट्ट्या 88, पण तारा सव्वादोनशेच्या आसपास, कारण वरच्या एकेका सुराला तीन-तीन तारा असतात. सगळ्यांचा मिळून ताण 15 ते 20 टन. तो मुख्यतः बिडाची फ्रेम पेलते, पण प्रत्येक तार ज्या पिनेला गुंडाळलेली असते ती पीन लाकडाच्या ठोकळ्यात नुसत्या घर्षणावर उभी असते, ना नट ना बोल्ट. लाकूड ढिलं पडलं की ट्युनर आज सूर लावून गेला तरी आठवड्यात पुन्हा बेसूर. जाड पिना घालून दुरुस्ती होते, पण त्या खर्चात "फुकट" शब्द विसरायचा.

म्हणून बघायला जाताना टॉर्च न्या. पिना गंजल्यात का, काही पिना ठोकून आत बसवल्यात का (म्हणजे आधी कुणीतरी झगडून गेलाय), तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या फेल्टला (लोकरीच्या जाड थराला) कसर लागलीय का, मागे-खाली वाळवी किंवा उंदराचं घर आहे का. फोनवर ट्युनर ॲप उघडून मधला ए वाजवा, 440 हर्ट्झ यायला हवा. सगळा पियानो सारखाच थोडा उतरलेला असेल तर घाबरू नका, नुसता पडून राहिलाय. पण शेजारशेजारचे सूर वाटेल तसे भरकटलेले असतील तर संशय पिनांवर. साउंडबोर्डला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या तारांमागच्या लाकडी फळीला, बारीक चीर असली म्हणून लगेच नाही म्हणायची गरज नाही, झणझण येत असेल तर मात्र विचार करा. आणि हातोड्यांसमोर वरून खाली बारीक उभ्या सळ्यांचा पिंजरा दिसला, म्हणजे डॅम्पर (पट्टी सोडली की सूर थांबवणारे तुकडे) हातोड्यांच्या वर असलेली जुनी रचना, तर मी सरळ नको म्हणते, कितीही गोड दिसू दे.

अजून एक, कधी बघताय त्यावरही खूप आहे. जुलैत मुंबईत पट्ट्या सादळतात, दाबली की वर येत नाही, तोच पियानो डिसेंबरात शहाण्यासारखा वागतो. पुण्यात उलटं, एप्रिलच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि ढिल्या पिना उघड्या पडतात. जमलं तर दोन्ही मोसमांत वाजवून बघा, नाहीतर निदान मालकाला विचारा की शेवटचं ट्युनिंग कधी झालं. उत्तर "बाबा होते तेव्हा" असं आलं तर पहिलं एक ट्युनिंग पुरणार नाही हे धरून चाला, शिवाय जुन्या तारा ताणताना तुटतात.

घरी आणलात तर पाऊस झोडपतो त्या भिंतीला लावू नका, वर फुलदाणी नको, एसीचा झोत नको. आर्द्रता 45-55 टक्के उत्तम, पण किनाऱ्यावर पावसाळ्यात ते स्वप्नच, म्हणून आत पियानोसाठीच मिळणारा कमी वॅटचा हीटर रॉड लावतात, कोरडी हवा आली की बंद. आणल्या आणल्या ट्युनरला बोलवू नका, दोन-तीन आठवडे नव्या हवेत मुरू दे, मग वर्षातून दोनदा, त्यातलं एक पावसाळा संपून हवा स्थिरावल्यावर.

आणि मुलगी सात वर्षांची असेल, अजून आवड टिकते का तेच माहीत नसेल, तर 88 वेटेड, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड, पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. हलक्या प्लास्टिक पट्ट्यांचा कीबोर्ड नको, बोटांना वजनाची सवयच होत नाही. वांद्र्याच्या पियानोचा तो फोटो मात्र पाठवा, झाकण उघडून.