आर्मवर चाललं, इंटेलवर फुटलं

चवथीच्या आधी वेर्ण्याच्या ऑफिसात काम कसं चालतं ते गोव्याबाहेरच्या माणसाला सांगून पटणार नाही. निम्मी टीम माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं, सामान घ्यायला बाजारात, उरलेले लोक खुर्चीत बसून मनाने घरी. आणि नेमका तेव्हाच कस्टमरचा मेल, की तुमच्या गाईडमधला लॉकचा (एका वेळी एकालाच आत सोडणारा) नमुना कोड जसाच्या तसा इंटेलच्या मशीनवर वापरला आणि दोन थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमच्या सोबत चालणाऱ्या दोन धारा, एकाच वेळी आत शिरतायत.

मी टेक्निकल रायटर आहे. डेव्हलपर लोकांना वाटतं आम्ही स्वल्पविराम लावतो. सरांनी तर मेल अर्धा वाचूनच "त्यांनीच काहीतरी घोळ घातला असणार" म्हणून टाकलं.

कोड साधा होता. दोन थ्रेड, प्रत्येकाचा एक फ्लॅग. आधी आपला फ्लॅग १ करायचा, मग दुसऱ्याचा बघायचा, तो ० असला तरच आत जायचं. मेमरी ऑर्डर, म्हणजे लिहिण्या-वाचण्याचा क्रम किती कडक पाळायचा ती सूचना, लिहिताना रिलीज, वाचताना ॲक्वायर, आणि खाली ठळक अक्षरात ओळ: यामुळे सर्व थ्रेडना सर्व ऑपरेशन्स एकाच क्रमाने दिसतात.

ही ओळच खोटी आहे हो. ॲक्वायर-रिलीजची हमी एवढीच, की एकाने रिलीजने लिहिलेली व्हॅल्यू दुसऱ्याने ॲक्वायरने वाचली तर त्या लिहिण्याआधीचं सगळं त्याला दिसणार. इथे दोघांनाही समोरच्याचा जुना ० मिळू शकतो, म्हणजे कोणी कोणाचं नवीन लिहिलेलं वाचलंच नाही, मग हमी लागू कुठून होणार? सगळ्यांना एकच क्रम हवा असेल तर सिक्वेन्शियल कन्सिस्टन्सी ही सगळ्यात कडक ऑर्डर लागते, आणि तीसुद्धा चारही ऑपरेशन्सवर, दोन लिहिण्यांवर आणि दोन वाचण्यांवर.

सर म्हणाले, "अगं, इंटेलचा प्रोसेसर स्ट्राँग आहे, क्रम कडक पाळतो, तिथे असलं काही होत नाही. आणि आपल्या आर्म प्रोसेसरच्या बोर्डवर तर रात्रभर टेस्ट पास झालीय."

मग मी दोन्हीकडचं असेम्ब्ली, म्हणजे कंपायलरने प्रोसेसरसाठी काढलेल्या सूचना, काढून त्यांच्यासमोर ठेवलं, आणि हे मात्र मी मिरवणारच. इंटेलवर रिलीज स्टोअर (लिहिणं) म्हणजे साधी मूव्ह सूचना, ॲक्वायर लोड (वाचणं) म्हणजेही साधं मूव्ह. लिहिलेली व्हॅल्यू मेमरीत जाण्याआधी कोरच्या स्टोअर बफर नावाच्या रांगेत पडून असते आणि पुढचं वाचन तिला मागे टाकून निघून जातं. इंटेल एवढी एकच सूट देतो, आणि आमचा कोड नेमका तिच्यावरच आपटत होता. चारही ठिकाणी सिक्वेन्शियल केलं की कंपायलर स्टोअरच्या जागी एक्सचेंज ही सूचना टाकतो, मग बफर रिकामा झाल्याशिवाय पुढचं वाचन होत नाही. आणि ज्याला सगळे वीक म्हणतात त्या आर्मच्या आमच्या बोर्डवर रिलीजला एसटीएलआर आणि ॲक्वायरला एलडीएआर या सूचना निघत होत्या, आणि त्या दोघांचा आपापसातला क्रम हार्डवेअरच सांभाळतं. म्हणून रात्रभर काही झालं नाही. चुकीचा कोड वीक मशीनवर बरोबर चालला आणि स्ट्राँगवर फुटला! सर बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले, मग म्हणाले जेवून येतो.

तेवढ्यात मी गाईडची जुनी व्हर्जन्स काढून बघितली आणि डोकंच फिरलं. पहिल्या व्हर्जनमध्ये मेमरी ऑर्डर लिहिलेलीच नव्हती, आणि सी प्लस प्लसमध्ये काही लिहिलं नाही की सिक्वेन्शियल कन्सिस्टन्सीच मिळते, ते २०११ च्या स्टँडर्डपासून तसंच आहे. म्हणजे कोड आधी बरोबर होता. मग कोणीतरी फास्ट करायला म्हणून रिलीज-ॲक्वायर घातलं, ती ठळक ओळ जोडली, आणि रिव्ह्यू करणाऱ्याने लुक्स गुड लिहून सोडून दिलं. लुक्स गुड लिहिणाऱ्यांचं काय करायचं मला खरंच कळत नाही.

दुरुस्ती गाईडच्या चवथीनंतरच्या व्हर्जनमध्ये जाईल असं ठरलं. जुनी पीडीएफ लोकांच्या मशीनवर पडलीय तिचं काय, यावर मीटिंगमध्ये कोणी बोललं नाही. कस्टमरने मात्र नेमकं विचारलं, आर्मचा बिल्ड नीट चालतोय तर तिथेही बदलायचं का? सरांचं मत, चालतंय ते हलवू नका. मी उत्तरात हो लिहिलं, कारण आर्मच्या ८.३ आवृत्तीपासून एलडीएपीआर ही एलडीएआरपेक्षा हलकी सूचना आहे, कंपायलरने ॲक्वायरसाठी ती वापरली की तो आयता मिळालेला क्रम गेला. सरांना सीसीमध्ये ठेवलंय, त्यांनी अजून काही कळवलेलं नाही.