अधांतरी बसलो, पण उतरायचं कसं?

पहिल्यांदा हवेत उठलो तो आमच्या गच्चीवर. जेमतेम दोन इंच, तीनेक सेकंद. प्रेक्षक दोनच, बायको आणि पुतण्या. ही युक्ती एड बाल्डुची यांच्या नावाने ओळखली जाते, 1974 साली ती पहिल्यांदा छापून आली. यंत्र नाही की दोरा नाही. बघणाऱ्यांकडे तिरकी पाठ करायची, टाचा जुळवायच्या आणि लांबच्या पायाच्या चवड्यावर अख्खं अंग उचलायचं. तो चवडा जवळच्या पावलाआड झाकला जातो. बायको म्हणाली, "अगंबाई!" पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही चवड्यावर उभे आहात." कार्टं पाण्याच्या टाकीपाशी, माझ्या उजव्या अंगाला जाऊन उभं राहिलं होतं.

तिथून पुढे दोन महिने पोटऱ्यांना गोळे आणले, पण खरं काम वेगळंच होतं. आपण किती उठतो याला किंमत नाही, बघणारा कुठे उभा आहे याला आहे. आता मी आधी माणसं उभी करतो, मग उठतो.

दोऱ्यावर नोट तरंगवण्याचाही नाद केला. घरात, मागे गडद पडदा असला की झकास. गोदाघाटावर संध्याकाळी वारा सुटला आणि नोट पतंगासारखी गेली, दोरा शर्टाच्या बटणाला. तो विषय तिथेच संपला.

मग डोक्यात काठीवाला बाबा बसला. एका हाताने काठी धरून हवेत मांडी घालून बसलेला माणूस फोटोत सगळ्यांनी पाहिलेला असतो. काठी गालिच्याखालच्या लोखंडी प्लेटला पक्की, काठीतून निघालेला दांडा बाहीतून आत जातो आणि झग्याखालच्या सीटला मिळतो. सांगायला एवढंच. अंबडला ओळखीच्या वेल्डरकडे गेलो. मी काढून दिलेल्या चित्रात दीड फुटाची चौकोनी प्लेट, मधोमध काठी आणि सीट काठीपासून पावणेदोन फुटांवर. म्हणजे माझं 68 किलो वजन सरळ प्लेटच्या बाहेर! बसलो आणि काठीसकट आडवा झालो. वेल्डर हसला नाही, हे त्याचे उपकार. "साहेब, काठी कडेला घ्या, प्लेट तुमच्या बुडाखाली येऊ द्या," म्हणाला. तीन फुटी प्लेट केली. पाइपही वाकत होता, त्याजागी भरीव सळई आली. सगळं मिळून इतकं जड झालं की उचलायला दोन माणसं लागतात.

आपले दादासाहेब फाळके, 1870 साली त्र्यंबकला जन्मलेले, सिनेमाआधी जादूचे प्रयोग करायचे. आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा'. मीही माझं उलटं करून पाहिलं, पण उच्चारताच येईना.

चूक झाली ती कपड्यांत. दांडा झाकायला सैल झगा हवा, आणि शिंप्याकडे उरलेलं कापड भगवं निघालं. नाशिकात, घाटाजवळ, भगव्या झग्यात अधांतरी बसलेला माणूस! परवानगी काढून बसलो होतो, तरी दहा मिनिटांत पुढे चिल्लर पडायला लागली, मग फुलं, मग चक्क रांग. पोटात गोळा आला. चमत्काराच्या नावाने पैसे घेणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं, आणि तोंडाने 'हा खेळ आहे' म्हणावं तर पुतळ्यासारखं गप्प बसायचं ठरलेलं. उतरावं तर सगळ्यांसमोर सीट उघडी. चढताना-उतरताना चहूबाजूंनी काळा पडदा धरावा लागतो, आणि पडदेवाला मित्र चहाला गेलेला.

तेवढ्यात एक आजी पुढे आल्या. माझे पाय हवेत, म्हणून त्यांनी गालिच्यालाच हात लावला. हात बरोबर प्लेटच्या कडेवर पडला. त्यांनी एकदा चाचपलं, मग काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाळा," हळूच म्हणाल्या, "बूड दुखत असेल रे."

"फार, आजी," मी ओठ न हलवता म्हणालो.

दहाची नोट परत कनवटीला लावून त्या गेल्या. पुढच्या आठवड्यात झगा काळा शिवला, समोर 'हा जादूचा खेळ आहे' अशी पाटी लावली, आणि सीटवर दोन इंचाचा फोम टाकला.