अण्णांची बेबाकी आणि अहवालातली थकबाकी

आज अण्णांना घेऊन परभणीला बँकेत ठिबकच्या कर्जासाठी गेलो होतो. साहेबांनी क्रेडिट अहवाल, म्हणजे कर्जे आणि त्यांच्या परतफेडीची नोंद, उघडला आणि सांगितले की, ट्रॅक्टरच्या जुन्या कर्जाचे ४२,००० रुपये अजून थकीत दिसत आहेत, त्यामुळे प्रकरण पुढे जाणार नाही.

अण्णांनी काही न बोलता पिशवीतून, सातबाऱ्यासोबत जपून ठेवलेले बेबाकी प्रमाणपत्र, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला, काढले. घडीवर फाटू नये म्हणून आईने त्याला मागून चिकटपट्टी लावलेली आहे, आणि निळा शिक्का पुसट झाला असला तरी तारीख स्पष्ट वाचता येते. २०१९ साली सोयाबीन विकून शेवटचा हप्ता भरला, तेव्हा मी स्वतः काउंटरपाशी उभा होतो. पै न पै फेडलेल्या माणसाला चारचौघांत थकबाकीदार म्हणून ऐकून घ्यावे लागले, याचे मला फार वाईट वाटले.

साहेबांचा यात दोष नाही. ज्या वित्तसंस्थेने चुकीची माहिती पाठवली, तिनेच ती दुरुस्त करायला हवी. घरी येताच मी ऑनलाइन तक्रार नोंदवली. तिचे निवारण ३० दिवसांत व्हायला हवे, आणि त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी तक्रारदाराला १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेने २०२४ पासून लागू केली आहे. देशात असे अहवाल देणाऱ्या चार कंपन्या असून प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो, म्हणून उरलेले तीनही मागवले. त्यांतल्या एकात हेच कर्ज बंद झालेले दाखवले आहे.

अण्णांनी प्रमाणपत्र पुन्हा त्याच घडीत दुमडून ट्रंकेत ठेवले.