शनिवारी मट्टनचेरी

कोचीला जाणार असाल तर शनिवारी मट्टनचेरी ठेवू नका. आम्ही नेमके शनिवारी पोचलो आणि परदेशी सिनेगॉगचं दार बंद! शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार. एवढी साधी गोष्ट डोक्यात येऊ नये? १५६८ सालचं हे ज्यूंचं प्रार्थनाघर. आतल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या हातांनी रंगवलेल्या, एकीसारखी दुसरी नाही म्हणतात. त्यांच्यासाठी तर मी इथवर आले होते. शेवटी बाहेरून घड्याळाचा मनोरा बघितला, गल्लीतला मिरी-सुंठीचा वास घेतला आणि नवऱ्याची बोलणी खाल्ली.

सकाळ फोर्ट कोचीत गेली होती. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाच्या थडग्याभोवती हीऽ गर्दी. तो १५२४ मध्ये कोचीतच वारला, पण त्याच्या अस्थी पुढे पोर्तुगालला नेल्या. म्हणजे सगळे रिकाम्या जागेचे फोटो काढत होते. मला किनाऱ्यावरची चिनी जाळीच जास्त आवडली. चार-पाच जण दोर ओढतात, दोराला बांधलेले धोंडे एकेक करून खाली येतात आणि ते अवाढव्य जाळं पाण्यातून अलगद वर उठतं. आत काय? पसाभर मासळी! आमच्या मालवणचा रापणकार बघून हसला असता.

तर, सिनेगॉग बंद म्हणून हातात दोन तास मोकळे. रिक्षावाला म्हणाला, चेरलाईला जा, तिथे कोकणी लोक राहतात. तिथे तिरुमला देवस्थान आहे, गौड सारस्वतांचं. पोर्तुगिजांच्या धर्मछळामुळे सोळाव्या शतकात ही मंडळी गोवा सोडून निघाली. गंमत म्हणजे आली तीही पोर्तुगिजांच्याच शेजारी, कारण किल्ला त्यांच्या ताब्यात होता. पण मट्टनचेरी कोचीच्या राजाची, आणि राजाने थारा दिला. ज्यूंनाही त्यानेच आपल्या राजवाड्याला लागून जागा दिली होती.

याच वस्तीतल्या रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन वैद्यांनी डच गव्हर्नर व्हान रीड याला मलबारच्या वनस्पतींची माहिती दिली. त्यातून झालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाचे १२ खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापले गेले. पहिल्याच खंडात या तिघांचं कोकणीतलं निवेदन आहे, तेही नागरी अक्षरांत! शिवाजी महाराज हयात असताना आपली अक्षरं हॉलंडात छापली जात होती, हे मला चाळिशी ओलांडेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

देवळाजवळ पापड घ्यायला थांबलो. दुकानातल्या आजी आतल्या कुणाशी मल्याळममध्ये बोलत होत्या. आम्ही आपसात मालवणीत किमतीवरून कुजबुजत होतो, तर त्यांनी मान वर केली आणि विचारलं, “जेवण जालें वे?”

मी गपकन म्हटलं, “नाय, अजून जेवूचा आसा.”

त्या हसल्या. पुढचं बोलणं मला अर्धंच कळलं; मधेच मल्याळम शब्द घुसायचे आणि गाडी अडायची. पण पोळा, आंबाडो, सुंगटं एवढं नीट कळलं, आणि जेवायला कुठे जायचं तेही. पैसे देताना पापडांची किंमत कमी करायचा धीर काही झाला नाही.

घरी येईपर्यंत त्यातले निम्मे मोडले होते.