तुम्ही विचारलंत म्हणून: सायकॉलॉजीच्या लॅबमध्ये जायचं तर मार्क किती लागतात?

निकाल लागले की हा प्रश्न येतोच. कधी विद्यार्थी विचारतात, कधी त्यांचे वडील. "मॅडम, एमए झालं. आता अमेरिकेत एखाद्या लॅबमध्ये पीएचडी करायची आहे. मार्क किती लागतात?" मी नागपुरात मानसशास्त्र शिकवते. तेच तेच सांगून दमले, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

मार्कांचं आधी उरकते. चांगले असले तर बरंच. जीआरई ही प्रवेशपरीक्षा मागणंही तिथल्या बऱ्याच विभागांनी कोविडच्या काळापासून सोडलंय. खरी गोष्ट पुढे आहे. मानसशास्त्राच्या पीएचडीला तिथे बहुतेक ठिकाणी तुम्हाला विद्यापीठ नाही, एक माणूस निवडतो. अर्ज विभागाकडे जातो, समिती बसते, सगळं होतं. पण एखाद्या प्राध्यापकाने "ही माझ्याकडे येऊ दे" म्हटल्याशिवाय गाडी हलत नाही. पुढची पाच-सहा वर्षं तुम्ही त्यांच्या लॅबमध्ये असणार, तुमची फी आणि विद्यावेतनही बहुधा विभाग किंवा त्यांचं अनुदान उचलणार. मग ते मार्कांपेक्षा कामच बघणार ना? म्हणून "हार्वर्डला टाकू का?" असं कोणी विचारलं की मी विचारते, "तिथे कोणाकडे?" बहुतेक वेळा उत्तर नसतं.

लॅब म्हणजे काय, हे घरच्यांनाही सांगावं लागतं. आपल्याकडे मानसशास्त्र म्हटलं की मनोरुग्णालयाजवळचा पागलखाना चौक आठवतो. "म्हणजे पोरगी तिथे नोकरीला लागणार का जी?" असं एका वडिलांनी खरोखर काळजीने विचारलं होतं. तसं काही नाही. एक खोली असते, दोन-चार कॉम्प्युटर असतात. पडद्यावर 'लाल' हा शब्द हिरव्या रंगात येतो, समोरच्याने रंग सांगायचा, आणि तो किती मिलिसेकंद अडखळला ते मोजायचं. स्ट्रूप नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली हा प्रयोग छापला, आणि तो आजही चालतो. बाकीचा दिवस संमतीपत्रं भरून घेण्यात, न आलेल्या सहभागींना फोन करण्यात आणि 'आर' या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटा साफ करण्यात जातो. यात मन रमत असेल तर अर्ज करा. लोकांचं दुःख ऐकून त्यांना बरं करायची ओढ असेल, तर तो रस्ता वेगळा. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केल्यावरच मिळते. लॅबमधली पीएचडी तिथे चालत नाही.

एसओपीचे, म्हणजे अर्जासोबतच्या 'मला हे का करायचंय' या निबंधाचे, मसुदे माझ्याकडे येतात. निम्मे "लहानपणापासून मला माणसांच्या मनाचं कुतूहल" इथून सुरू होतात, उरलेल्यांतले बरेच स्वतःच्या नैराश्यापासून. ड्रू आणि कॅरेन ॲपलबी यांनी २००६ साली एक पाहणी छापली होती. मानसशास्त्राच्या प्रवेश समित्यांच्या प्रमुखांना त्यांनी विचारलं, अर्ज कशाने बुडतो? उत्तरांत स्वतःच्या मानसिक आजाराबद्दल नको तितकं लिहिणं होतं, आणि जगाचं भलं करण्याचा अतिउत्साहही. मला हे जरा निष्ठुर वाटतं, कारण स्वतःच्या दुखण्यातूनही चांगला प्रश्न निघू शकतो. पण मग प्रश्न लिहा ना! दीड पान दुखणं आणि शेवटी दोन ओळी संशोधनाच्या, असं असलं की वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

एका मुलीने सुरुवात अशी केली होती: दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे इंग्रजीत गेलेल्यांना स्ट्रूप दोन्ही भाषांत दिलं, तर ते कुठे जास्त अडखळतील? लगेच खाली अडचण लिहिली होती. 'लाल' चटकन वाचला जातो, 'जांभळा' मोठा आहे, वर अनुस्वार. मग अडखळणं रंगामुळे की वाचायला वेळ लागल्यामुळे? तो परिच्छेद वाचूनच कळत होतं की ही बाई कॉम्प्युटरसमोर बसलेली आहे.

त्यासाठी मोठ्या लॅबची वाट बघायला नको. प्रयोग बनवायला सायकोपाय, आकडेमोडीला आर आणि जॅस्प, ही सगळी सॉफ्टवेअर फुकट आहेत. २०१५ मध्ये शंभर जुने प्रयोग पुन्हा करून बघितले गेले. मूळच्या ९७ टक्के प्रयोगांत निकाल संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग न वाटण्याइतका, होता, पुन्हा केल्यावर ३६ टक्क्यांतच. त्याचा डेटा ओएसएफ या संशोधनाच्या वेबसाइटवर खुला आहे. त्यातला एक उतरवून घ्या आणि स्वतः विश्लेषण करा. दोन महिने जातील, जाऊ द्या.

ईमेल साधा लिहा. आधी लॅबच्या पानावर बघा, पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहेत का. त्यांचे अलीकडचे दोन पेपर वाचा, मग पाच-सहा ओळी. साठ जणांना एकच मजकूर पाठवलेला लगेच ओळखू येतो. उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका, आणि त्यांच्याकडे पीएचडी करणाऱ्यांनाही लिहा; सर कसे आहेत ते तेच सांगतात.

आता शिफारसपत्रं. बहुतेक ठिकाणी तीन लागतात, आणि आपल्याकडे खरा घोळ इथेच होतो. "तूच लिहून आण, मी सही करतो," असं म्हणणारे सर सगळ्यांना भेटले असतील. मग पत्रात येतं: विद्यार्थिनी आज्ञाधारक, नियमित आणि चांगल्या चारित्र्याची आहे. हे हॉस्टेलच्या प्रवेशाला ठीक आहे. लॅबवाल्यांना हवं असतं ते असं, की प्रयोग बंद पडला तेव्हा हिने काय केलं, डेटात गडबड दिसली तेव्हा सांगितलं की झाकलं. हे ज्याने पाहिलंय त्याचंच पत्र घ्या. तुम्हाला नावानेही न ओळखणाऱ्या प्राचार्यांपेक्षा प्रबंध तपासणाऱ्या तरुण मॅडमचं पत्र कधीही भारी. आणि अर्जात पत्र बघण्याचा हक्क सोडता का असं विचारतात, तिथे हो म्हणा. नाहीतर पत्राला वजन राहत नाही.

अमेरिकाच हवी असं माझं म्हणणं नाही. आयआयटी कानपूरला कॉग्निटिव्ह सायन्सचा, म्हणजे मन-मेंदूच्या अभ्यासाचा, विभाग आहे, अलाहाबाद विद्यापीठातही त्याचं केंद्र आहे. नेट ही परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात, घरी मागावं लागत नाही. तिथेही कोणाकडे काम करायचं हे आधी ठरवलेलं बरं.

तिकडचे बरेच अर्ज १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान बंद होतात. तेव्हा पत्र माझ्याकडून हवं असेल तर दिवाळीच्या आधी या, नोव्हेंबरच्या शेवटच्या रात्री व्हॉट्सॲप नको. येताना तीन प्राध्यापकांची नावं आणि प्रत्येकापुढे एक प्रश्न लिहून आणा. मार्कशीट नंतर दाखवली तरी चालेल.